बोटीवरचा अबोला

आमची ही टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. आयुष्यभर लोकांची बोलणी जोडून दिली आणि स्वतःची सगळी माझ्यासाठी घरी आणली. शेजारी तिला 'रेडिओ' म्हणत. मी बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा फिटर. कानाशी सतत धडधड चालण्याची सवय, म्हणून संसार सुरळीत झाला, असं मी गमतीने सांगायचो.

निवृत्त झाल्यावर मी एक जुनी शिडाची बोट दुरुस्त केली आणि महासागर ओलांडायचं खूळ डोक्यात घेतलं. हिला पोहता येत नाही. गच्चीवरून खाली बघितलं तरी गरगरतं. मला वाटलं, ही काही येत नाही.

"तुम्ही एकटे गेलात तर मी बोलू कुणाशी?" म्हणाली आणि बॅग भरली.

दोघांच्या बोटीवर एक जण जागा असतो तर दुसरा झोपलेला. खाली एवढीशी खोली, तिथेच ओटा, तिथेच बाक आणि बाकावरच झोपायचं. शेगडी टांगलेली, म्हणजे बोट कलली तरी भांडं सरळ राहतं. माणसाचं तसं नाही. ही कमरेला पट्टा बांधून ओट्याला अडकवून घ्यायची, तेव्हा कुठे आमटी पातेल्यात राहायची. अंडी टिकावीत म्हणून रोज एकेक उलटून ठेवायची, आणि उलटताना त्यांच्याशीही बोलायची. भांडी, आंघोळ, कपडे, सगळं खाऱ्या पाण्यात. गोडं पाणी फक्त पिण्यापुरतं आणि स्वयंपाकापुरतं. मी वर सुकाणूशी, ही खाली, मध्ये जिन्याचं उघडं दार. त्या दारातून तिचं बोलणं वर यायचं आणि माझं "हं" खाली जायचं.

एके दिवशी तिने माझा सदरा गोड्या पाण्यात धुतला. मिठाने माझ्या मानेवर पुरळ उठलं होतं म्हणून. मी टाकीतलं पाणी बघितलं आणि तडकलो. तीही काही कमी नाही. "मान तुमची, खाज तुमची, आणि ओरडा मला?" मी फुगलो आणि अबोला धरला. "हं"सुद्धा बंद. तिला त्याचं काय? तिचं बोलणं चालूच.

दुपारी पुढच्या शिडाचा दोर अडकला. सुकाणू सांभाळायला वाऱ्यावर चालणारं यंत्र होतं, म्हणून मी सोडवायला पुढे गेलो. लाट आली आणि मी कठड्यावरून खाली. कमरेची दोरी बोटीला अडकवलेली होती, तेवढ्यावर वाचलो. अर्धा पाण्यात, बोट मला फरफटत नेतेय. ओरडायला तोंड उघडलं की पाणी आत. कठड्याला हात पोहोचेना.

आणि शेजारच्या छोट्या खिडकीतून हिचा आवाज ऐकू येत होता. तिच्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न, मुलाकडच्यांनी फिरवलेला शब्द, वगैरे. मला कळून चुकलं, मी आज उत्तर दिलं नाही तर हिला काहीच वाटणार नाही. स्वतःच्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला होता.

मग आवाज थांबला. थोड्या वेळाने कठड्यावर तिचं डोकं दिसलं. ती किंचाळली नाही. मी शिकवलं होतं तसे तिने शिडांचे दोर सोडले. शिडं फडफडली, बोट थांबत आली. तिने शिडी टाकली आणि माझी कॉलर धरून ओढत राहिली.

खाली ब्लँकेटात गुंडाळून बसल्यावर, दात वाजवत मी विचारलं, "मी तर बोलतच नव्हतो. तुला कळलं कसं?"

"चहाचा कप वर धरला होता. तुमचा हात आला नाही." ती म्हणाली, "अबोला कितीदा धरलात, पण चहा कधी सोडला नाहीत हो तुम्ही."

एवढं बोलली. मग ती गप्पच झाली. पाण्यात वाटली नव्हती एवढी भीती मला त्या शांततेची वाटली. जिला पाण्याचा धाक, ती त्या पाण्यावर वाकून मला ओढत होती. मी आज जिवंत आहे तो हिच्यामुळे. हे ऋण फिटायचं नाही, आणि मला ते फेडायचंही नाही.

तिचे हात हातात घेऊन मी विचारलं, "मग जमलं का शेवटी त्या मुलीचं लग्न?"

इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच पुढचं विचारलं होतं. तिने पदराने डोळे पुसले आणि अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.