आबांची बेडकी आणि माझं प्रिस्क्रिप्शन

आबांनी प्लॅस्टिकचा डबा टेबलावर ठेवला, झाकण उघडलं आणि मी नकळत मागं सरकले. तीन दिवसांपूर्वी आणली तेव्हा ही बेडकी जरा सुस्त होती, एवढंच. आता तिच्या पोटाची कातडी लालभडक होऊन कडेनं सुटत होती. मागचे पाय पसरून पडली होती. बोट लावलं तरी हलेना.

"म्याडम, तुमी सांगितलं तसंच केलं बगा," आबा म्हणाले. "दिवसातून तीनदा. एकदा बी चुकवलं नाय."

मी जनावरांची डॉक्टर. शहरातल्या गारखेडा भागात क्लिनिक आहे. येतात ती कुत्री, मांजरं, फार तर एखादा पोपट. आबा सत्तरीचे, गंगापूरकडचे शेतकरी. बायको गेल्यावर मुलानं त्यांना इथं तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं. मुलगा वाळूजच्या कंपनीत, सून शाळेत शिक्षिका. दिवसभर घरात आबा एकटे. अशात गॅलरीतल्या कुंड्यांमध्ये एक झाडबेडकी राहायला आली. या जातीच्या बोटांना चिकट गाद्या असतात, त्यामुळे ती भिंतीवरही सहज चढते. आबा तिला नाकतोडे पकडून द्यायचे आणि तिच्याशी गप्पा मारायचे. शहरात आल्यापासून त्यांचं तेवढंच एक बोलणं होतं.

पहिल्या भेटीत मला जखम दिसली नव्हती, बेडकी फक्त कोरडी वाटली होती. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, कातडीतून शोषून घेतो. म्हणून मी लिहून दिलं: रोज तीन वेळा, दहा मिनिटं, स्वच्छ पाण्यात ठेवणे. यात चुकण्यासारखं काय होतं?

मी सरळ उलटतपासणीच सुरू केली.

"आबा, खरं सांगा. फिनाईल लागलं का?"

"नाय."

"साबण? कुंड्यांवर औषध मारलं?"

"नाय वं म्याडम. आईशप्पथ."

माझा विश्वास बसेना. मालक लपवतात, हा माझा नेहमीचा अनुभव. माझा आवाज चढला. "काहीतरी घातल्याशिवाय कातडी अशी होत नाही!" मग मी, खरं तर आधीच करायला हवा होता, तो फोन केला. माझी एक वर्गमैत्रीण बेडकांवर काम करते. तिनं सगळं ऐकून एकच प्रश्न विचारला.

"पाणी कुठलं?"

"स्वच्छ."

"अगं, पण कुठलं?"

मी आबांकडं पाहिलं. ते म्हणाले, "नळाचंच की. पन या टायमाला लई गढूळ आलतं. मग तुरटी फिरवली, निवळू दिलं, वरचं वरचं घेतलं. आजारी हाय म्हनून तिच्या पाण्यात जरा जास्तच फिरवली."

फोनवर मैत्रीण "अरे देवा" म्हणाली.

दाढीनंतर गालावर तुरटी फिरवली की कातडी आवळते. आपल्याला ते बरं वाटतं. पण बेडकीची कातडी म्हणजे तिचं पाणी पिण्याचं तोंड, आणि निम्मं श्वासाचं नाकही. ते तोंड आम्ही दिवसातून तीनदा तुरटीनं आवळत होतो.

"तुरटी कशाला घातलीत?" मी ओरडलेच.

आबा गोंधळून माझ्याकडं बघत राहिले. "स्वच्छ पाणी म्हनलात ना? तुमी बी तसंच करता की." त्यांनी बेसिनकडं बोट केलं.

बेसिनखाली पाण्याची बादली होती आणि तिच्या कडेला दोऱ्यानं बांधलेला तुरटीचा खडा. नळाला आठवड्यानं पाणी येणाऱ्या आमच्या शहरात तो घरोघरी असतो, तसा माझ्याकडंही होता. पहिल्या दिवशी बेडकीला मी स्वतः त्याच बादलीतल्या पाण्यात ठेवलं होतं, आबांच्या देखत. इतक्या वर्षांची प्रॅक्टिस, आणि हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडं स्वच्छ पाणी म्हणजे तुरटीचं पाणी, याच्या पलीकडं विचारच जात नाही.

मैत्रिणीनं सांगितलं तसं बेडकीला तात्पुरतं बाटलीबंद पाण्यानं धुतलं, ओल्या फडक्यावर ठेवून अंधारात झाकलं. "बिनऔषधाचं, विहिरीचं पाणी मिळालं तर उत्तम," मैत्रीण म्हणाली होती. आबा उठलेच. थेट जीप पकडून गंगापूरला गेले, आणि संध्याकाळी स्वतःच्या मळ्यातल्या विहिरीचे दोन कॅन घेऊन हजर.

मला राहवेना. "आबा, चूक तुमची नव्हती. माझी होती. वर तुमच्यावरच ओरडले."

ते कॅनचं बूच फिरवत होते. "आसू द्या म्याडम. तुमी बी त्याच नळाचं पाणी पिता." आणि मग हळूच, "वाचंल का ती?"

"माहीत नाही," मी म्हणाले. खरंच माहीत नव्हतं.

चार दिवस तिनं काही खाल्लं नाही. पाचव्या दिवशी झाकण काढलं तर डबा रिकामा. आबा टेबलाखाली वाकून शोधू लागले. मी हातातलं झाकण उलटं केलं, तर बेडकी त्याला आतून चिकटलेली होती. आबांना रडू आलं, आणि मलाही.

ती आता बरी आहे. आबा अधूनमधून तिच्यासाठी विहिरीचा कॅन आणतात. सून कुरकुरते, "आम्हाला नळाचं गढूळ, आणि बेडकीला मळ्यातलं!"

माझ्या कागदावर 'स्वच्छ पाणी' हे शब्द आता नसतात. कुठलं पाणी, त्यात काय घातलंय, ते विचारते आणि लिहिते. आणि मालकावर ओरडायचं झालंच, तर आधी स्वतःची बादली बघून येते.