पाहुण्यांचं पाणी

अकोले तालुक्यातल्या एका ठाकरवाडीचं पाणी तपासायचं काम कित्येक वर्षं माझ्याकडे आहे. दरवेळी अहवाल एकच यायचा: पिण्यास योग्य. तरीही वाडीतली पोरं जुलाबाने बेजार व्हायची आणि मी त्यांच्या आयांना हात धुण्यावर भाषण द्यायचो. मी बेलापूरचा, घरात नळ. भाषण द्यायला माझं काय जात होतं!

नियमाप्रमाणे नमुना विहिरीवर जाऊन घ्यायचा असतो. विहीर खाली ओढ्याकाठी, वाट घसरडी आणि मला गुडघ्याचं निमित्त आयतंच मिळालेलं. म्हणून मी एका ओळखीच्या घरी टेकायचो. येतोय म्हणून निरोप आधीच गेलेला असायचा. घरातल्या आजी भरली कळशी पुढे करायच्या. मी त्यातून नमुन्याची बाटली भरायचो, वर तांब्याभर पाणी प्यायचो. पाणी इतकं गोड, की निघताना घरी न्यायलाही भरून घ्यायचो.

यंदा निरोप न देताच गेलो. आजींची नात जुलाबाने मलूल होऊन गोधडीवर पडली होती. मला पाहताच तिची आई रिकामी कळशी घेऊन लगबगीने बाहेर पडली. बराच वेळ झाला तरी ती परत येईना. कोपऱ्यात हंडा तर भरलेला दिसत होता. त्यातलंच द्या म्हणालो, तर आजी ओशाळल्या.

"त्ये हिरीचं हाय सायेब, आमाला प्यायला. सून वरच्या झऱ्यावर गेलीया तुमच्यासाठी. लई चढ हाय, अन् पानी थोडकंच येतं. पाव्हण्याला गढूळ कसं द्यावं?"

ओशाळायला हवं होतं ते मी. इतकी वर्षं मी यांचा पाहुणचार तपासत होतो आणि त्याच्या जिवावर विहिरीला चांगलं म्हणत होतो. त्या विहिरीत औषध टाका, असं एकदाही लिहिलं नव्हतं. मला माझीच किळस आली. हंड्यातलं पाणी बाटलीत भरून घेतलं.

सून आली ती घामाने भिजलेली. धाप लागलेली असतानाच तिने झऱ्याचं पाणी तांब्यात ओतून माझ्यापुढे धरलं. मी तो तांब्या तिच्या मुलीपुढे केला. मुलगी कशीबशी उठून बसली. तिने आधी पाण्याकडे पाहिलं, मग आईकडे, आणि पुढे केलेला हात मागे घेतला.

"पाव्हण्याचं हाय त्ये," ती म्हणाली.