बाबांच्या अर्जावरची पहिली सही

निवृत्त झाल्यापासून बाबांचा एकच उद्योग आहे: खासदारांसाठी नियम सुचवणे. त्यांना हे काम कुणी सांगितलेलं नाही. अर्जात मागण्या तीन. पक्ष बदलायचा तर आधी राजीनामा द्यावा आणि पुन्हा लोकांसमोर जावं. प्रतिज्ञापत्रात खोटं लिहिलं तर पद जावं. आणि निवडून दिलेला माणूस कामाचा निघाला नाही तर मतदारांना तो मुदतीआधी परत बोलावता यावा. दरवर्षी हा अर्ज सह्यांसकट दिल्लीला जातो, एखादं वर्ष सोडलं तर दरवर्षी पोच येते आणि पुढे काहीही होत नाही. पालथ्या घड्यावर पाणी. पोचपावत्यांची मात्र बाबांनी व्यवस्थित फाइल केली आहे.

यंदा ते तीन महिन्यांसाठी माझ्याकडे परदेशात, अ‍ॅमस्टेलव्हीनला आले ते भाजणी, मेतकूट आणि कोऱ्या अर्जांचा गठ्ठा घेऊन. ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज तोंडावर आलेलं, लेकीच्या शाळेच्या रोज नव्या ईमेल, नवरा अर्धा आठवडा प्रवासात. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. मला बाबा हवे होते, अर्ज नको होते. पण ते सुटे मिळत नाहीत.

पहिली सही घरातली, हा त्यांचा रिवाज. मला अठरा पूर्ण झाली तेव्हापासून, मी जवळ असले की ती माझी; गेली तीन-चार वर्षं मात्र माझं पुण्याला जाणं झालं नव्हतं. आल्या दिवशी चहा निवायच्या आत त्यांनी कागद पुढे सरकवला. मी नाव लिहिलं, पुण्याचा पत्ता लिहिला, मतदार ओळखपत्राचा नंबर लिहिला आणि सही केली.

मला मताचा हक्कच उरला नव्हता. तीन वर्षांपूर्वी मी इथला डच पासपोर्ट घेतला आणि भारताचा सोडला. दर वेळी राहण्याच्या परवान्याची मुदत, नोकरी बदलली की धाकधूक, या सगळ्याला मी कंटाळले होते. बाबांना सांगणार होते. पण त्याच सुमाराला माझ्या आतेभावानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं आणि बाबा फोनवर म्हणाले, "मत सोडलं म्हणजे जाब विचारायचा हक्क सोडला. राहिलं काय मग?" मी विषय बदलला. पुढे लोकसभेच्या मतदानाला मी गेले नाही, तेव्हा रजा मिळाली नाही असं ठोकून दिलं. त्याआधी दोनदा मी खास मत द्यायला गेले होते, म्हणून त्यांनी विश्वासही ठेवला.

"सांगून टाक गं," नवरा म्हणायचा. त्याला काय जातंय म्हणायला!

आमच्या घराजवळच्या बागेत ऊन असलं की भारतातून आलेले आईबाप बाकांवर बसलेले असतात. कोणी नातवंडं सांभाळायला आलेलं, कोणी नुसतंच तीन महिने. बाबांना घबाड सापडलं. सगळे मतदार, आणि सगळ्यांना वेळच वेळ! इथल्या संसदेत पक्ष सोडलेला सदस्य आपली जागा ठेवू शकतो, हे त्यांना कुणीतरी सांगितलं, तेव्हा घरी येऊन ते मला म्हणाले, "अगं, इथंसुद्धा?" त्या संध्याकाळी त्यांनी अर्जांना हातही लावला नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बागेत. दीड महिन्यात वीस ओळींचं एक पान भरलं. साताऱ्याच्या एका आजींनी तर चष्मा घरी राहिला म्हणून दोन फेऱ्या मारून सही केली होती.

जायच्या आदल्या आठवड्यात, शनिवारी सकाळी, बाबा जेवणाच्या टेबलावर पानाला नंबर घालत बसले. पट्टी, दोन रंगांची पेनं, सगळा सरंजाम. वर माझं नाव. मला ते बघवेना.

"बाबा, माझी सही चालणार नाही. मी इथली नागरिक झालेय."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "कधी?"

"तीन वर्षं झाली."

"म्हणजे त्या मतदानाला..."

"रजा होती. मत नव्हतं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी भांडले असते. परदेशात राहून बघा म्हटलं असतं. त्यांनी पट्टी घेतली, पानावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारली, 'रद्द' लिहिलं आणि खाली तारखेसह सही केली.

"अहो, फक्त माझं नाव खोडा ना! बाकीच्यांचं काय चुकलं?"

"पानावर एक सही खोटी, तर पान बाद. मागे एका मेलेल्या माणसाच्या सहीमुळे माझा अख्खा अर्ज परत आला होता, तेव्हापासून हा नियम आहे. खासदारांसाठी नियम मागायचे आणि आपल्या मुलीला सूट द्यायची होय?"

मला लाजही वाटली आणि संतापही आला. कुणाला पडलीय त्या कागदाची, असं ओठावर आलं होतं.

त्याच दुपारी कोरं पान घेऊन आम्ही बागेत गेलो. एकोणीसपैकी अकरा जण तोवर भारतात परतले होते, साताऱ्याच्या आजीही. उरलेल्यांना बाबा एकेका बाकापाशी जाऊन सांगत होते, "माझ्या मुलीची सही खोटी होती, म्हणून पुन्हा त्रास देतोय." आवाज अगदी सरळ. मी पॅड धरून शेजारी. तिसऱ्या बाकानंतर मला सहन होईना.

"प्रत्येकाला सांगायलाच हवं का?"

"हो. मी सांगू की तू सांगतेस?"

चौथ्या बाकावर नागपूरचे एक काका होते. मी म्हणाले, "काका, मी भारताची नागरिक नाही. तरी सही केली आणि वडिलांपासून लपवलं. त्यामुळे तुमची सही वाया गेली. परत कराल का?"

काकांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते बाबांना हळूच म्हणाले, "अहो, पोटच्या पोरीला असं सांगायला लावता?"

बाबांनी पेन पुढे केलं. त्याचं टोपण काढायचंही त्यांच्या लक्षात आलं नव्हतं; ते काकांनीच काढून घेतलं.