कौसल्याकाकूंची टेकडीवरची शेगडी

कौसल्याकाकूंना थोडा स्वयंपाक करता येत नाही. त्यांचं सगळं आयुष्य पुसदच्या एका मुलींच्या वसतिगृहात भात, वरण आणि पोळ्यांच्या ढिगामागे गेलं. आता त्या निवृत्त आहेत, घरात त्या आणि उकंडाकाका अशी दोनच माणसं. तरी त्यांनी पोहे केले की ताटल्या गल्लीभर फिरतात. मी शेजारीण, त्यामुळे पहिली ताटली माझ्याकडे. काका म्हणतात, "हिले दोघापुरतं रांधता आलं असतं तर मी आजून बारीक असतो."

बुद्धपौर्णिमेची विहारातली खीरही काकूंचीच. सुजातेनं तथागतांना खीर दिली ती गोष्ट भाषणात दरवर्षी कोणीतरी सांगतं. काकू तेव्हा मागच्या खोलीत कलथा फिरवत असतात. वंदना त्यांना भिंतीपलीकडून ऐकू येते आणि त्या तिथूनच हात जोडतात.

यंदा विहारानं ठरवलं की पौर्णिमेला पायी जायचं. भंतेजींसोबत दोन दिवस चालायचं, रात्री वाटेतल्या शाळेत मुक्काम, आणि पौर्णिमेच्या सकाळी उत्तमसिंग राठोडांच्या शेतामागच्या टेकडीवर वंदना. वर गाडी जात नाही, तेव्हा ज्याचं ओझं त्याच्या पाठीवर. जेवण खालच्या गावातून येणार होतं. उत्तमसिंगांनी जागा आनंदानं दिली, पण एक अट घातली. "पाणी देतो, दूध देतो, सावलीले मांडव घालतो. चूल नाही पेटवायची. मागच्या उन्हाळ्यात कोणाच्या तरी बिडीनं माहा सगळा कडबा गेला. गॅस चालल, तोबी उघड्या कातळावर."

आमच्या महिला मंडळाच्या साधनाताईंनी लगेच सोपा मार्ग काढला. "काकू, यंदा पेढे नेऊ. तुम्हालाही आराम."

घरी येताना काकू मला म्हणाल्या, "पेढे हलवायाच्या दुकानचे असतात, खीर आपली असते. आन् मले चालाचंबी हाये. गुडघे हायेत तोवर एकदा सगळ्यायसंग चालतो म्हटलं. खीर पाह्यजे म्हनून घरी बसू, का चालाचं म्हनून खीर सोडू?"

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन सरदारभाईंच्या दुकानात गेल्या. सरदारभाई कुकर आणि शेगड्या दुरुस्त करतात. त्यांची मुलगी शमा मोबाइलवरून माल मागवते. कॉलेजची पोरं हल्ली पाठीवर पिशव्या लावून जंगलात राहायला जातात, त्यांच्यासाठी तिनं छोट्या शेगड्या ठेवल्या होत्या. काकूंनी येताना खिरीचा गंज, म्हणजे मोठ्ठं पातेलं, आणला होता. तोच, विहारातला, उचलायला दोन हात लागतात असा.

"याच्यासाठी शेगडी दाखवा," काकू म्हणाल्या. "पाठीवर न्याची हाये."

सरदारभाईंनी गंजाकडे पाहिलं, मग काकूंच्या पाठीकडे. "भाभी, ये गंज नाही, हौद आहे. शेगडी पाठीवर नेता येईल. हा कोण नेईल?"

"ते माह्यावर सोडा."

शमानं आधी छोटा सिलेंडर दाखवला, वरती बर्नर बसवलेला. काकूंना तो एकदम पसंत पडला, ओळखीचा वाटला. "उचलून पाहा," शमा म्हणाली. काकूंनी उचलला, दुकानाच्या दारापर्यंत गेल्या, आणि परत आणून ठेवला.

दुसरी शेगडी चपटी, पेटीसारखी. तिच्या पोटात स्प्रेच्या डब्यासारखा गॅसचा लांबट डबा बसतो. घराच्या अंगणात उत्तम, पण पिशवीत आडवी येते आणि वाऱ्यात ज्योत पळते, असं शमानंच सांगितलं. तिसरी मात्र गंमत होती. पाकळ्या मिटल्या की मुठीत मावायची, उघडल्या की बसक्या गॅसच्या डब्यावर फिरवून बसवायची. काकूंनी ती मुठीत धरली आणि हसल्या. मग तिच्यावर गंज ठेवला. गंज हळूहळू एका बाजूला कलला आणि सरदारभाईंनी दोन्ही हातांनी धरला.

"अन् वाऱ्याले चहूकडून दगड लावले तर?" काकूंनी विचारलं. चुलीला त्यांनी आयुष्यभर तसंच केलेलं.

सरदारभाईंनी कान पकडले. "या शेगडीला नको भाभी. डबा आगीच्या बरोबर खाली आहे. वरून रुंद बूड, बाजूने दगड, सगळी गरमी डब्यावर. त्यात आपला उन्हाळा. डबा फुटला तर माझं नाव निघेल."

मग शमानं चौथी काढली. हिला तीन बसके पाय आणि एक लांब नळी, म्हणजे गॅसचा डबा हातभर लांब राहतो. शेगडीला आडोसा लावला तरी चालतो, भांडं हलत नाही. वजन मुठीतल्या शेगडीहून जरा जास्त, पण पिशवीच्या कोपऱ्यात बसणारं. "डबा सावलीत ठेवायचा, ओल्या कपड्यात," ती म्हणाली. "गाडीत, उन्हात कधीच नाही. आणि मावशी, भांडं एवढंच." तिनं दीड लिटरचं पातेलं पुढे ठेवलं.

काकूंनी पातेल्यात डोकावून पाहिलं. "यात तं माहा चहा होते."

"बर्नर एवढासा आहे," सरदारभाई म्हणाले. "गंज ठेवला तर मधे जळेल आणि कडेला थंड राहील."

काकूंनी नळीची शेगडी घेतली, गॅसचे दोन डबे घेतले, पातेलंही घेतलं. गंज तिथेच ठेवून जा, परत येताना न्या, असं सरदारभाईंनी तीनदा सांगितलं. काकूंनी तो तीनदा हलवून आपल्या बाजूला घेतला.

नंतर आठवडाभर आम्ही गच्चीवर नव्या शेगडीचा चहा प्यायलो. काकू टेबलफॅन लावून वारा करायच्या आणि विटांचा आडोसा बसवायच्या, नळी आणि डबा मात्र आडोशाबाहेर. तांदूळ भिजवून, वाळवून, जाडसर कणी काढली की खीर किती लवकर होते तेही त्यांनी पाहून ठेवलं. काका दर वेळी चाखायला हजर. टेकडीसाठी शमाकडून दोन भरलेले डबे पुन्हा आणले. सगळी तयारी नीट होती. फक्त खीर किती होते, हा विषय कोणी काढला की काकूंना खाली काहीतरी काम असायचं.

निघायच्या पहाटे काकांच्या पाठीवरचा बोजा फारच गोल दिसत होता.

"काका, काय आहे हो त्यात?" साधनाताईंनी विचारलं.

"कपडे हायेत."

"एवढे कपडे?"

"कपडे कमीच हायेत," काका म्हणाले. "ज्याच्यात ठेवले ते मोठं हाये."

ऊन चढायच्या आत चालायचं, दुपारी सावली धरायची, असे दोन दिवस गेले. काकूंचे गुडघे कुरकुरले पण थांबले नाहीत. गाणी म्हणताना त्या सगळ्यांच्या पुढे असायच्या. मागच्या खोलीतला आवाज एवढा मोठा आहे हे मला तेव्हा कळलं. पौर्णिमेच्या सकाळी आम्ही टेकडीवर पोचलो तेव्हा वारा सुटलेला होता. मेणबत्त्या राहीनात, म्हणून आम्ही हाताचे आडोसे करून त्रिशरण-पंचशील म्हटलं. काकू पहिल्यांदाच पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

वंदना झाली आणि उत्तमसिंगांच्या घरच्या तानाबाई दुधाची चरवी डोक्यावर घेऊन आल्या. आता खरी घाई होती. भंतेजी बारानंतर अन्न घेत नाहीत, पाणीच. तेव्हा खीर व्हायची ती बाराच्या आत, नाहीतर पौर्णिमेची खीर भंतेजींच्या पात्रात न पडताच पौर्णिमा जाणार.

काकूंनी मांडवालगतच्या उघड्या कातळावर शेगडी मांडली, दगडांचा आडोसा केला, काकांनी गॅसचा डबा आपल्या ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून मांडवाच्या सावलीत ठेवला. मग काकांच्या बोजातून कपडे बाहेर आले, आणि कपड्यांमागून गंज.

"काकू, शमा काय म्हणाली होती?" मी विचारलं.

"माणसं किती हायेत पाह्य," काकू म्हणाल्या. "चहाच्या पातेल्यात खीर करून कोणाले देऊ, कोणाले नको म्हणू?" आणि चरवी गंजात ओतली.

एवढ्याशा ज्योतीवर तो गंज म्हणजे काजव्यावर डोंगर. अर्धा तास गेला, कडेला बोट लावलं तर दूध कोमट. खालच्या गावातून भाकऱ्या आणि पिठलं आलं, साधनाताईंनी सतरंज्या अंथरल्या. एकदा त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग काकूंकडे. काकू कलथा घेऊन बसून होत्या. एकाएकी त्यांचं नाक हललं.

"लागून राह्यलं," त्या म्हणाल्या.

मला तर काहीच वास आला नव्हता. मी घाईनं कलथा घ्यायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. "ढवळू नको. बूड खरवडलं का सगळं दूध गेलं." त्यांनी गॅस बंद केला. दोन्ही बाजूंनी काका आणि तानाबाईंनी गंज धरला आणि वरचं दूध अलगद चरवीत ओतलं. तळाशी मधोमध, बरोबर ज्योतीएवढा, तपकिरी गोल उमटलेला. सरदारभाई दुकानात बसून जे म्हणाले होते, ते तिथं छापून ठेवल्यासारखं.

काकूंनी दूध चाखलं. वास लागला नव्हता. मग त्यांनी त्या गोलावरून नजर उचलून मांडवाकडे पाहिलं. सगळी माणसं तिथं, आणि काकूंसमोर फक्त चहाचं पातेलं उरलेलं. "एवढ्यायले पुरनार नाही," त्या हळूच म्हणाल्या.

तानाबाईंनी पातेलं उचलून शेगडीवर ठेवलं. "बाई, पयले त्या महाराजाइले तं दे. बारा वाजल्यावर तू टाकीभर केली तरी ते खानार नाही."

काकूंनी पातेल्यात दूध ओतलं. या वेळी ते पाहता पाहता वर आलं. कणी, साखर, वेलची. ज्योत पातेल्याच्या बुडाएवढीच, दगडांच्या आडोशात सरळ उभी. खीर घट्ट झाली तेव्हा बाराला थोडाच अवकाश होता. काकू पदर सावरून मांडवात गेल्या, गुडघ्यावर बसल्या आणि भंतेजींच्या पात्रात स्वतःच्या हातानं खीर वाढली. आजवर ती कोणीतरी पुढे नेऊन वाढायचं. काकूंचे हात जोडलेलेच राहिले. भंतेजींनी आशीर्वाद म्हटला आणि जेवायला सुरुवात केली.

पातेल्यात अजून चार-पाच माणसांची खीर होती. काकूंनी कोणाला द्यायची हा प्रश्न फार ताणला नाही. जे जवळ बसले होते त्यांना वाढली आणि ओरडून सांगितलं, "बाकीच्यायनं दम धरा. दुसरं चढवून राह्यली."

मग तेच चाललं. एक पातेलं उतरायचं, चार-पाच जणं पुढे सरकून शेगडीपाशी बसायची, खाईपर्यंत दुसरं चढायचं. वसतिगृहात काकू खिडकीतून ताट सरकवायच्या, ताटामागे कोण आहे हे दिसायला वेळ नसायचा. इथं प्रत्येक जण समोर बसून खात होता. त्या एकेकाला विचारत होत्या, कुठची तू, माहेर कुठलं, पाय दुखतात का, अजून घे ना. ढाणकीहून आलेल्या एका मुलीनं लग्न ठरल्याचं आईच्या आधी काकूंना सांगून टाकलं. कोणालाच उठायची घाई नव्हती. रांग पुढे सरकेना म्हणून मागचे लोक बडबडू लागले.

"काकू, गप्पा कमी करा, गॅस संपेल," साधनाताई रांगेतून म्हणाल्या.

"संपला तं तुह्यापाशी येऊन संपल," काकू म्हणाल्या. "पेढे आनले असतीनच ना तू."

सगळे हसले. पेढे खरंच साधनाताईंच्या पिशवीत निघाले, तेही वाटले गेले. दुसरा डबाही फुसफुसायला लागला तेव्हा शेवटच्या पातेल्याला उत्तमसिंग आणि तानाबाई बसले होते. खीर जरा पातळच उतरली. तानाबाई ती वाटी तोंडाला लावून प्यायल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या पुनवेले दूध जास्त आनीन. तू पातेलं हेच आन."

काकूंनी शेगडीच्या नळीवरून हात फिरवला. अजून गरम होती. "हेच आनीन," त्या म्हणाल्या, आणि वाटी पुन्हा भरली.