तीन पानांची विहीर

माझा दादा एका छापखान्यात मुद्रितं तपासायचा. तीस वर्षं दुसऱ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारून त्याची मान कायमची वाकली होती. छापखान्यात त्याला 'काना-मात्रा' म्हणत आणि तो ओ देई. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहिला. उन्हात दहा पावलं चालला तरी त्याला चक्कर येते.

पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फॉर्म्यात छापतात. वाळवंटातल्या एका प्रवासवर्णनाच्या शेवटच्या फॉर्म्यात तीन पानं कमी पडली. लेखक वारलेला. मालक म्हणाले, "काना-मात्रा, कोरा कागद काय फुकट येतो? भरा काहीतरी." दादानं जेवणाच्या सुट्टीत भरलं: खारट मैदानापलीकडे तीन खुरटी झाडं, त्यांच्यामध्ये गोड्या पाण्याची विहीर आणि तहानेनं अर्धमेला प्रवासी. वाचकांना नेमकं तेच आवडलं. कुणी ती पानं मोठ्यानं वाचली की दादाचे कान लाल व्हायचे, पण तो कधी काही बोलला नाही.

माझ्या मुलीनं ते पुस्तक अकराव्या वर्षी वाचलं आणि चोविसाव्या वर्षी मैत्रिणीला घेऊन त्याच वाटेनं जायची तयारी करू लागली. पाठीवरचं ओझं कमी करायला दुसऱ्या दिवसाचं पाणी दोघींनी त्या विहिरीच्या भरवशावर सामानातून वगळलं. टेबलावरची त्यांची सामानाची यादी वाचून दादाचा चेहरा उतरला.

"ती विहीर नाहीये," तो म्हणाला. "मी लिहिली ती."

"आईनं पढवलं ना तुला?"

"नाही गं. फॉर्मा भरत नव्हता."

"मामा, दुधवाल्याला चिठ्ठी लिहायची तर चारदा खोडतोस तू."

मैत्रीण फिसकन हसली. मला पोरीला अडवायचंच होतं, पण दादाचं हे मलाही पटेना. मीच वही पुढे केली. "मग आत्ता लिहून दाखव."

अर्धा तास तो घामाघूम होऊन बसला. चार ओळी झाल्या. मुलीनं त्या त्याच्याच नाकातल्या आवाजात वाचून दाखवल्या आणि आम्ही तिघी पोट धरून हसलो. दादानं कागद फाडला.

"दोन बाटल्या तरी जास्त घ्या," तो म्हणाला.

"तूच उचलून आण की," मुलगी म्हणाली.

त्या निघाल्यापासून पाचव्या दिवशी एका ट्रकवाल्याला माझी मुलगी जिवंत सापडली. मैत्रीण नाही. खारट मैदानाच्या कडेनं दोघी दिवसभर तीन झाडं शोधत फिरल्या होत्या. आपली वाचली याचा मला आनंद झाला. दुसरीची आठवण नंतर आली.

मैत्रिणीची आई भेटायला आली तेव्हा मुलगी म्हणाली, "मामानं फसवलं आम्हाला. विहीर त्यानं मनानं लिहिली होती." यात खोटं काहीच नव्हतं. त्यानं आधीच कबूल केलं होतं, तेवढं ती बोलली नाही. मी शेजारीच बसले होते.

दुसऱ्या दिवशी त्या बाईनं छापखान्यात जाऊन सगळ्यांदेखत दादाच्या थोबाडीत मारली. मालकांनी त्याला दुपारीच घरी पाठवलं, कायमचं. पुस्तक अजून विकतात, विहिरीसकट.

दादा चप्पल न काढता दारातच उभा राहिला.

"तू सांगितलं नाहीस त्यांना?"

"जेवून घे," मी म्हटलं.