पाचवीच्या दिवशी मी मिडवाइफला परत पाठवलं

मंडळी, नात झाल्याची बातमी इतक्या उशिरा लिहितोय, माफ करा. आणि ती अशी लिहावी लागतेय.

नात पाच दिवसांची असताना मिडवाइफ, म्हणजे बाळंतिणीला नि बाळाला तपासायला येणारी नर्स, घरी आली होती. इथे मुलाकडे परदेशात पाचव्या दिवशी बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन जन्मजात आजार तपासतात. मी म्हणालो, "आज आमच्याकडे पाचवी पुजायची आहे. आज बाळाचं रक्त काढायचं नाही." सूनबाई माझ्याकडे बघून गप्प राहिली. मिडवाइफने खूप समजावलं, मग चार दिवसांनी परत येऊन रक्त घेऊन गेली.

आज दुपारी दुसरी नर्स आली. म्हणाली, नातीला दुधातला एक घटक पचत नसावा. तो अंगात साचला तर मेंदूला इजा होते.

ती असतानाच मुलगा ऑफिस सोडून बेसिंगस्टोकहून आला. "बाबा, पूजेत सुरी मांडलेली चालते, टाचेला सुई चालत नाही?"

सूनबाई म्हणाली, "अरे, त्यांना नको बोलूस. आई मी आहे. मीच गप्प बसले."

ते मला जास्त लागलं.

नर्स निघताना मी विचारलं, "माझ्या चार दिवसांनी काही बिघडलं का?"

"आधी कळलं असतं तर बरं होतं," ती म्हणाली. "पण उपचार आहे. उद्या नऊला हॉस्पिटलमध्ये या."

तुमच्या ओळखीत असं मूल असेल, तर ते आता बोलतं का, शाळेत जातं का, एवढं सांगा. आम्ही सकाळी आठला निघू. त्याआधी कळवा.