पडद्याचं ठिगळ

हृदयाच्या ऑपरेशनचे किस्से सर्जनकडे असतात म्हणे. असतील, पण त्याच्यासमोर पेशंट भूल देऊन झोपवलेला! माझ्यासमोर तो टक्क जागा असतो आणि सोबत अख्खं खानदान. बुलढाण्यात मी टू-डी इको करतो. हृदयाच्या पडद्यातलं भोक बुजवलेल्या माणसांच्या छातीवर जेली लावून प्रोब फिरवायचा. ठिगळ नीट बसलंय का, हृदय नीट पंप करतंय का, ते स्क्रीनवर बघायचं. किस्से आपोआप साचतात.

*

उंद्रीची एक आजी ऑपरेशन झालेल्या नातवाला घेऊन आली. दारावर बोर्ड : 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही.' आजीनं सुनेकडून तो वाचून घेतला, अर्थ विचारला आणि मला म्हणाली,

"नका करू! पोरगाच हाये तो, आमाले माहीत हाये. दिलाचं तेवढं पाहा."

*

इको चालू असताना आई-बाप स्क्रीन बघत नाहीत, माझं तोंड बघतात. एकदा माझ्या कपाळाला आठ्या पडल्या आणि एका पोरीचा बाप मटकन खाली बसला.

"अहो, ठिगळ मस्त बसलंय! मी मशीनचं बटण शोधत होतो!"

त्याला पाणी पाजलं. तेव्हापासून मी गुणगुणत इको करतो. परवा एक आई नवऱ्याच्या कानात कुजबुजली, "डॉक्टर गाणं म्हणून राह्यले. कायतरी लपवून राह्यले!"

*

"हृदयाचं पंपिंग साठ टक्के!" मुंबईत ऑपरेशन झालेल्या एका मुलाच्या वडिलांना मी खुशीत सांगितलं. धडधाकट माणसाचंही एवढंच असतं, हे सांगायच्या आत त्यांचा चेहरा पडला.

"फक्त साठ? मंग बाकीचं चाळीस मुंबईच्या डॉक्टरनं ठेवून घेतलं का?"

*

लोणारचे एक आजोबा नातीला घेऊन आले. म्हटलं, "आजोबा, भोक पूर्ण बुजलं."

"पूर्ण?" आजोबा बघतच राहिले. "आमच्या गावचं तं आभायातून दगड पडला तवापासून तसंच हाये!"

*

डोणगावची एक मुलगी, बँकेत नोकरीला. लहानपणी भोक बुजवलेलं. तेवढ्यावरून दोन स्थळं मोडलेली. तिसऱ्या स्थळाचे लोक मुलासकट तिला आणि तिच्या वडिलांना घेऊन थेट माझ्याकडेच आले.

"रिपोर्टवर भरोसा नाही आपला," मुलाचे वडील म्हणाले. "डोळ्यानं पाह्यतो."

मुलीनं मान डोलावली. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. हृदय एकदम फर्स्टक्लास! तरी त्यांचं आपलं, "लेकरंबाळं, घरचं काम... झेपन का इले?"

मुलगी उठली, ओढणी नीट केली, मुलाकडे बोट दाखवलं. "डॉक्टर, मशीन चालूच हाये, तं यायचं बी पाहून घ्या."

मुलगा हसत हसत टेबलावर आडवा झाला. मी प्रोब ठेवला. उचलला. पुन्हा ठेवला. वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात चांगलं भोक, जन्मापासूनचं, आणि घरात कुणाला पत्ताच नाही!

"घाबरू नका, यावर इलाज आहे," मी सांगत होतो.

मुलीचे वडील उठले, टोपी सारखी केली.

"बरं पाव्हणे. आमी घरी विचार करतो, मंग कळवतो."